गॅसवाले मामा आणि बंद पाकीट

भुलीचं यंत्र सांभाळण्यात मामांची एकतीस वर्षं गेली, त्यामुळे भूल म्हणजे गॅस, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शिरेतून द्यायच्या पांढऱ्या औषधाला ते 'दूध' म्हणत, आणि म्हणताना नाक मुरडत.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त यंत्रातून फिरवलं की शरीर चवताळतं, आतून सूज चढते. ती गॅसने कमी राहते की दुधाने, यावर भूल देणाऱ्या मॅडमचा अभ्यास चालू होता. कोणाला काय द्यायचं, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवी. घाबरलेल्या नातेवाइकांची समजूत मामाच घालत. "अहो, दोन्ही सारखंच. निवांत सही करा."

आणि मग मामांच्याच हृदयाची झडप बिघडली.

मामींनी कागद पुढे सरकवला. "दोन्ही सारखंच ना? मग करा की सही! पेन काय चघळताय?"

एकतीस वर्षांच्या अब्रूचा प्रश्न होता. मामांनी सही केली, पण चिठ्ठीत काय निघेल, हे डोक्यातून जाईना.

पाकिटांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असे. भरती व्हायला गेले तेव्हा आधी कपाट गाठलं आणि आपलं पाकीट दिव्यासमोर धरलं. काही दिसेना. कोणी चोरून पाहू नये म्हणून आत काळा कागद घालायची शक्कल मामांनीच काढली होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, बोलणार कोणाला?

ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाले तरी नजर ट्रॉलीवर. सिरिंजमध्ये पांढरं! म्हणजे चिठ्ठीत दूधच निघालं होतं.

"मॅडम, मला गॅसच द्या."

"देते. अभ्यासातून तुमचं नाव काढते, काही बिघडत नाही."

"पण खरं सांगा, चांगलं कुठलं?"

"मला माहीत नाही, मामा."

"एवढं शिकून?"

"माहीत असतं, तर पाकिटं कशाला केली असती?"

मामांना आपली चूक उमगली. म्हणजे आजवर सगळ्यांना आपण चक्क थाप मारली होती, आणि ती माणसं आपल्या शब्दावर इथे येऊन झोपली होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"राहू द्या गॅस," हात पुढे करत ते म्हणाले. "दूधच द्या. आणि उठलो, तर पुढच्या माणसाला सांगेन, आम्हाला माहीत नाही म्हणून."

"उठलो तर नाही, उठल्यावर," मॅडम म्हणाल्या.

"तेही तुम्हाला माहीत नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.