खुंटी बसली का?

"बोला बाई, कुठी झोपवू?"

मशीन सुरू करण्याआधी मिस्त्री हे विचारायचेच. झाड पाडतो, कापतो, तोडतो असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. झोपवू. जणू कडेवर पोर आहे आणि कोणत्या खाटेवर ठेवायचं एवढंच ठरायचं आहे. मीही उगाच बोट दाखवायची, "तिकडे झोपवा, भाऊ." ते मान डोलवायचे आणि त्यांना हवं तिकडेच झोपवायचे.

मी वनरक्षक. सावली गावाकडच्या जुन्या निलगिरीच्या रोपवनात तोड निघाली आणि देखरेखीला मला पाठवलं, तेव्हा ते साठीला टेकले होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. लुकडा देह, खांद्यावर चेनसॉ, आणि कमरेला खोचलेली हातभर लांबीची बांबूची खुंटी. अंगाला कायम निलगिरीचा वास. त्यांची बायको सांगायची की लग्नापासून घरात कोणाला सर्दी म्हणून झाली नाही.

रस्त्याच्या कडेची हडकुळी निलगिरी तुम्ही पाहिली असेल. चाळीस वर्षं उभी राहिलेली निलगिरी ही वेगळीच चीज आहे. आमच्या सागात मशीन सरळ उतरते. हिच्यात मात्र चेनचे दात बोथट होतात, धूर निघतो, आणि आतून लाकूड असं पिळलेलं असतं की झाड पडता पडता अंग फिरवतं.

"हे झाड कुठचं होय, बाई?" त्यांनी एकदा विचारलं.

"ऑस्ट्रेलियाचं."

"तिथी म्हणते आपल्या उन्हाळ्यात हिवाळा रायते."

"हो."

"मंग बरोबर आहे. इथी आणून लावलं, त्याले उमजलंच नाई काऊन एवढं गरम होऊन राह्यलं. म्हणून आंग पिळून घेतलं बिचाऱ्यानं."

प्रशिक्षणात शिकलेलं खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला त्यांचंच पटलं, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही पटतं.

आता खुंटीचं सांगते. बुंध्याला पाठ लावून ते पावलं मोजत निघायचे, एक डोळा मिटून. एका जागी थांबून खुंटी जमिनीत रोवायचे, वीतभर वर ठेवून. मग परत येऊन त्या बाजूला खाच पाडायची, मागच्या बाजूनं मशीन घालायची, आणि झाड बरोबर त्या खुंटीवर येऊन तिला मातीत ठोकायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोनदा जाऊन खात्री करून आले.

झाड पडलं की रान गप्प व्हायचं. कानात मशीनचा आवाज तसाच राहायचा, चुरडलेल्या पानांचा वास उठायचा, आणि वर नव्यानं उघडलेल्या आभाळातून ऊन हळूहळू खाली यायचं. त्यात लाकडाची तांबूस भुकटी तरंगत असायची. काही वेळ आपण जागे आहोत की नाही तेही कळायचं नाही. आणि अशात ते कापलेल्या बुंध्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेले असायचे, चेनच्या दातांना कानस लावत. वळून बघायचे नाहीत. नुसतं विचारायचे, "बसली का?"

"बसली, भाऊ."

मी खोडाखालची माती उकरून खुंटी आणून द्यायची. ते ती सदऱ्याला पुसून कमरेला खोचायचे.

दुसऱ्या वर्षी, होळी होऊन आठ दिवस झाले असतील, मी बघायला गेले तर खुंटी उभीच. खोड तिच्यापासून वीतभर बाजूला पडलेलं.

"बसली का?"

मी कामाला कडक बाई आहे. माझ्या हाताखालचे लोक मागं काय काय बोलतात ते मला माहीत आहे. पण त्या माणसाचा मला लळा लागला होता, सरळच सांगते. लोक फांद्या छाटत होते, त्या आवाजात मी दगड उचलला आणि खुंटीवर चार घाव घातले.

"बसली, भाऊ."

मग तो धंदाच होऊन बसला. कधी वीत, कधी हात. मी ठोकत राहिले. त्याच दिवसांत एक नवीन सवय त्यांना लागली. सारखे आम्हाला मागं ढकलायचे. "अजून मागं सरा. अजून." म्हातारपणी माणूस किरकिरा होतो, असं मी धरून चालले. पण एखादं झाड फिरलं, कोणी खाली सापडलं, तर ते मी मारलेलं माणूस ठरणार होतं.

रोपवनाला लागून असलेल्या गावात अंगणवाडीच्या अंगणात एक निलगिरी वादळानं कलली होती. एका अंगाला पोरांची खोली, दुसऱ्या अंगाला हातपंप, मधे जेमतेम बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. गावानं मिस्त्रींनाच बोलावलं. पोरांना घरी पाठवलं होतं. ते चेन घासत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"भाऊ, खुंटी बसत नाही. होळीपासून. मी दगडानं ठोकते."

कानस थांबली. त्यांनी कमरेची खुंटी काढून माझ्या हातात दिली.

"हिच्या डोक्यावर बोट फिरवा. झाडाचा मार सपाट रायते. हे खड्डे दगडाचे होय. पयल्याच दिवशी समजलं मले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी एवढ्या मायेनं ठोकून राह्यल्या होत्या. कोण्या तोंडानं म्हणू, नका ठोकू?" मग खाली बघत म्हणाले, "आन मलेबी आयकाले बरं वाटे. डोळ्यात ढग आला, बाई. शेंडा दोन-दोन दिसते. म्हणून तर तुमाले मागं सारत होतो."

मला राग आला. त्यांचा आणि माझा, दोघांचाही. "कोणी मेलं असतं म्हणजे?"

"होय," ते म्हणाले. कानस खाली ठेवली. मग उठले. "शेंड्याले दोर बांधू. अर्धं गाव दूरून वढन. खाच मी पाडतो, पण आज डोळे तुमचे."

खुंटी मी मोकळ्या जागेच्या मधोमध रोवली आणि त्यांच्या खांद्यामागून बघत राहिले. थोडं डावीकडे, भाऊ. अजून थोडं. बस. मग मी मागं झाले. दोर ताणला गेला, खोड कुरकुरलं, आणि ते एवढं मोठं झाड अंगणात हळूच आडवं झालं. पंपाचा दांडा तेवढा हलला.

ते बुंध्यावर बसले. या वेळी कानस हातात नव्हती.

"बसली का?"

मी जाऊन पाहिलं. "नाही, भाऊ. चार बोटं हुकली."

"कोणीकडं?"

"पंपाकडं."

"म्हणजे पोराईची खोली दूर राह्यली. मंग ठीक आहे."

त्यांनी मशीन खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. खुंटीही परत मागितली नाही. लेकीकडे चिमूरला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. एकदा फोन आला, "बाई, आता एकच शेंडा दिसते." आवाजात केवढा आनंद होता. पुढच्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला, ते गेल्याचा.

आता तोडीला दुसरी माणसं आहेत. त्यांच्यातलं कोणी खुंटी रोवत नाही, म्हणून मीच रोवते. झाड पडतं, पानांचा वास उठतो, कान गुणगुणत राहतात, ऊन खाली उतरतं. मी जाऊन पाहते आणि वळून मोठ्यानं सांगते, "नाही भाऊ, दोन हात हुकली." मशीनवाल्याला वाटतं मी त्यालाच बोलते. बुंध्यावर कोणी बसलेलं नसतं.