मनीला सांगितलेलं

सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. समोर आले की पदर सावरून भिंतीला लागायचं. सासू आधीच गेलेली, नवरा लढाईवर निघालेला, आणि मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जाताना नवरा मला एवढंच म्हणाला, "आबाला पडू दिऊ नगं." आमच्या पाटणकडं खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पुन्हा उठलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. आता सांगा, ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याला सावध कसं करायचं?

काठी आणून ठेवली, तर "म्या काय म्हातारा हाय?" म्हणून कोपऱ्यात फेकली. मग मी मांजरीशी बोलायला लागले. जमीन सारवली की ओरडायचं, "मने, वलं हाय, भिताडाकडनं जा!" उंबऱ्यापाशी, "पाय उचल गं, भवाने!" मामंजी गुमान पाय उचलायचे.

पण जीव म्हणून थाऱ्यावर नसायचा. भाकरी थापताना कान त्यांच्या पावलांवर. पाऊल थांबलं की मी उठून दारात, इकडं भाकरी करपलेली. विहिरीवरनं अर्धीच घागर घेऊन पळत सुटायचे. बाया खिदळायच्या, "सासऱ्याला पाळण्यात घातलायस का गं?" अशी चिडायचे! नवऱ्याचाही राग यायचा. आपण गेला लांब आणि मला बसवलं पहाऱ्याला.

त्यातच मनी मेली. आली का पंचाईत! पण मामंजींना कुठं दिसतंय? मी आपली मेलेल्या मांजरीवर ओरडत राहिले.

लढाई संपली. नवरा येणार त्या दिवशी सकाळी मामंजी घाईनं एकटेच न्हाणीकडं निघाले. "मने, शेवाळ हाय!" मी परड्यातून ओरडले, तोवर पाय सटकलाच. रीत गेली चुलीत. धावत जाऊन दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला. मग भान आलं. धरून ठेवायची लाज, सोडायची भीती.

"सोडू नगंस," मामंजी म्हणाले. दम खाऊन हसले. "मनीला मरून दोन पावसाळं झालं, पोरी. मला ठावं न्हाई व्हय? पर बोललो असतो, तर तू गप झाली असतीस."

मला रडूच फुटलं. उंबरा आला तसं मी डोळे पुसत म्हणाले, "आवं मामंजी, पाय उचला."