झाकण पडलेली छोटी नळी

अहेरीपलीकडच्या त्या मुलींच्या वसतिगृहात मी दुर्बीण घेऊन गेले, तेव्हा सूर्यावर चांगले ठळक डाग होते. मी विज्ञान शिकवते, राहते चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला. सुटीच्या दिवशी गाडीत दुर्बीण टाकून गावोगावच्या शाळांत जायची सवय मला आठ-दहा वर्षांपासून आहे. दिवसा दाखवण्यासारखा तारा एकच. त्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचं आणि मुलांनी ते पुठ्ठ्यावरच बघायचं. डोळा दुर्बिणीला लावायचा नाही, हे मी तीनदा सांगते. त्या दिवशीही सांगितलं होतं.

मोठ्या नळीच्या पाठीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण असते. उन्हात तिच्या तोंडावर झाकण लागतं. रांगेतल्या रेटारेटीत ते कधी पडलं, मला कळलं नाही. मी पुठ्ठ्याशी वाकून एकीला डाग मोजून दाखवत होते. मान वर केली, तर सातवीतली एक मुलगी छोट्या नळीपासून मागे सरकत होती, उजवा डोळा चोळत.

"पाहिलंस का तू यातून?"

"थोडंसंच, बाई. रांग लई मोठी होती." मग हळूच म्हणाली, "मले हिरवा गोल दिसून राह्यला. पापण्या मिटल्या तरी जात नाई."

याचा अर्थ काय असू शकतो, ते मला चांगलं माहीत होतं. आणि तरी मी काय केलं? झाकण शोधून बसवलं, तिला व्हरांड्यात डोळे मिटून बसवलं आणि उरलेल्या मुलींना अर्धा तास डाग दाखवत राहिले. हसतसुद्धा होते. त्या अर्ध्या तासाची लाज मला अजून वाटते. रांग संपल्यावर तिच्याजवळ गेले, तर गोल फिका झाला होता, पण गेला नव्हता. तेव्हा कुठे मी अधीक्षिकाबाईंना खरं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. "आता तिच्या बापाले काय सांगू मी?" एवढंच म्हणाल्या आणि फोन लावायला गेल्या.

अहेरीच्या डॉक्टरांनी डोळा पाहिला. वरून ठीक दिसतो, पण आतला पडदा तपासायचं यंत्र इथे नाही, चंद्रपूरला न्या, म्हणाले. तोवर तिचे वडील सायकलीवरून आले होते. धानाच्या बांधीतून तसेच उठून आले असावेत, पायांवर चिखल वाळलेला. तिघं माझ्या गाडीने निघालो. पुढे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक, आणि मला ओलांडून जायची हिंमत होईना. इजा झालीच असेल तर घाई करून फारसा उपयोग नाही, हे मला माहीत होतं. पण ते त्या माणसाला सांगायला माझी जीभ रेटेना.

मागच्या सीटवर मुलगी एक डोळा झाकून पाट्या वाचत होती. मग दुसरा झाकून. प्रत्येक वेळी मी कान देऊन ऐकत होते. एका पाटीवर ती अडखळली.

"काऊन थांबली?" वडिलांनी विचारलं.

"ट्रक आला मधात."

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत थेंब टाकले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. मी वडिलांना म्हटलं, "चूक माझी आहे, भाऊ. झाकण मी पाहायला पाहिजे होतं." त्यांनी मान हलवली. होकार होता की नाही, समजलं नाही.

पडद्यावर खूण नव्हती. "नशीब, डोळा लगेच बाजूला घेतला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तीन महिन्यांनी परत दाखवा." ते तीन महिने मी दुर्बीण कपाटाबाहेर काढली नाही. दर आठवड्याला वसतिगृहात फोन करायचे. अधीक्षिकाबाई शेवटी कंटाळून म्हणाल्या, "बाई, ते पोरगी चांगली आहे. तुम्हीच जेवता का नाई बरोबर?"

तीन महिन्यांनी दोघं बसने आले. डोळा स्वच्छ निघाला. दवाखान्यातून बाहेर पडताना मुलगी म्हणाली, "डाग तं मले पाहालेच नाई भेटले."

मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दाखवा नं मंग. पण आधी मी पाहातो."

माझ्या घराच्या गच्चीवर मी पुठ्ठ्यावर बिंब पाडलं. छोट्या नळीचं झाकण दोनदा चाचपून पाहिलं. वडील उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "सूर्याले फोड आले का जी?" त्यांनी विचारलं, आणि मी डागांबद्दल सांगू लागले. मुलगी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एकेक डाग गिरवत होती. पाच गिरवले, सहावा तिनेच शोधला, मला तो दिसलाच नव्हता.

पुठ्ठा काखेत मारून ती घेऊन गेली. मी आता पुन्हा शाळांत जाते, पण एकटी जात नाही. नळीजवळ एक मोठं माणूस उभं करते. तरी रांगेतल्या कुणी डोळा चोळला की माझं बोलणं तिथेच तुटतं. बहुतेकदा धूळ गेलेली असते.