पाठमोरा फोटो

मखमलभाऊंचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि दुकानाच्या परवान्याला. बाकी सगळ्या रस्त्याला ते मखमलभाऊच. त्यांचा वस्तरा गालावरून कधी गेला हे गिऱ्हाइकाला आरशात बघून खात्री करून घ्यावी लागे, म्हणून हे नाव पडलं होतं. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, भिंतभर आरसा, फिरती खुर्ची एक आणि बाकडं एक. बाकड्यावर नंबर लावून बसलेली मंडळी जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लावत असत आणि मखमलभाऊ मधून मधून कात्रीच्या टकटकीनं त्याला दुजोरा देत.

मग समोरच्या फुटपाथवर काचेचं नवं सलून उघडलं. आत थंडगार हवा, भिंतीवर भलामोठा टीव्ही. मखमलभाऊंच्या मेहुण्यानं एकदा दारात उभं राहून दोन्ही दुकानांकडे आळीपाळीनं बघितलं.

"भावोजी, तुमच्या दुकानात बघण्यासारखं काय आहे?"

"मी आहे की."

"तुम्ही सोडून."

हे मात्र मनाला लागलं. टीव्ही काही झेपणार नव्हता, म्हणून मखमलभाऊ जाऊन एक टॅबलेट घेऊन आले. लहानसा, सगळ्यात स्वस्त. "हा फार हळू तर चालत नाही ना?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "हळू नाही हो काका. निवांत आहे."

निवांतपणाची प्रचिती घरी येताच आली. बटण दाबलं, पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. बायको बेकरीतलं पॅकिंगचं काम आटपून आली, हातपाय धुतले, चहा झाला, तरी चक्र चालूच.

"झोपलाय की उठतोय?" तिनं विचारलं.

"उठतोय."

"अगदी माझ्या भावावर गेलाय."

पण एकदाचा तो उठला आणि मखमलभाऊ हरखून गेले. पडद्यावरची पातळ पन्नी काढायची नाही, असं त्यांनी ठरवलं. ती एका कोपऱ्यात फुगली होती, तो फुगा अंगठ्यानं इकडून तिकडे ढकलण्यातच अर्धी संध्याकाळ गेली. चार्जरची वायर एवढी तोकडी की चार्ज करताना बघायचं तर भिंतीला कान लावून उभं राहावं लागे. ते तसेही उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेहरा दाखवून टॅबलेट उघडायची सोय करून घेतली. पण ती केली सकाळी, दाढीचे खुंट वाढलेले असताना. दाढी करून आले तर टॅबलेट ओळखच दाखवेना.

"आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं ओळखू येईनाशी केली," मखमलभाऊ बायकोला म्हणाले, "त्याची ही फेड दिसतेय."

दुकानात त्याचे आणखी नखरे कळले. ओल्या बोटाला तो दाद देत नसे आणि साबणाच्या बोटाला तर भलतंच काहीतरी उघडून दाखवत असे. गिऱ्हाइकाच्या हातात दिला तर गिऱ्हाईक मान खाली घालून बघत बसे. खाली वाकलेल्या डोक्याचे केस कापायचे म्हणजे चालत्या गाडीत सुईत दोरा ओवण्यासारखा प्रकार. शेवटी बायकोनं कपडे टांगायचा तारेचा हँगर वाकवून एक आकडा करून दिला आणि टॅबलेट आरशाच्या चौकटीला लटकला. आता माना सरळ झाल्या, पण बाकड्यावरची बोलणी बंद पडली. मखमलभाऊंनी कुणाच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं तर उत्तर यायचं, "हं." कुणाच्या सासऱ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, तरी "हं." समोरच्या थंडगार दुकानाला मात देता देता आपल्याच दुकानाचा गारठा झाला की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

पण कॅमेरा सापडला आणि सगळं पालटलं.

झालं असं की एक बसचा ड्रायव्हर खुर्चीत बसला होता. "मागून जास्त छोटे तर नाही ना केलेस?" असं त्यानं विचारलं. मखमलभाऊंनी हातआरसा घ्यायच्या ऐवजी टॅबलेट उचलला, मागे धरला आणि फोटो काढला. कॅमेरा यथातथाच होता, त्यात सगळी दुनिया कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसे. तरी मान, कान, केसांची रेघ सगळं नीट आलं होतं. ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला.

"हा मी?"

"तुम्हीच की."

"हे तर आमचे वडील," ड्रायव्हर म्हणाला. "सायकलवर त्यांच्या मागे बसायचो मी. हीच मान समोर असायची."

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. माणूस जन्मभर आपलं तोंड बघतो, पण आपण मागून कसे दिसतो ते त्याला माहीत नसतं. ज्याला त्याला आपली पाठमोरी ओळख करून घ्यायची होती. फोटोसाठी लोक केस वाढायच्या आधीच येऊ लागले, बाकड्यावर पुन्हा हशा पिकू लागला, एकमेकांची डोकी बघून कोण कुणावर गेलाय याचे वाद झडू लागले. मखमलभाऊ खुशीत होते. काळजी एकच होती. शनिवारी हिरो येणार होता.

हिरो म्हणजे विमा एजंट. कपाळावर केसांचा असा झोकदार कोंबडा की वारा सुटला तरी हलायची बिशाद नाही. त्या कोंबड्यामुळेच त्याचं नाव हिरो पडलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडायचं. पण कोंबड्याच्या मागे, अगदी टाळूवर, कधीतरी नाण्याएवढी जागा मोकळी झाली होती. नाण्याची बशी झाली. बशीची आता ताटली व्हायला आली होती. सगळ्या रस्त्याला ती दिसायची. हिरोला मात्र तिचा पत्ताच नव्हता, कारण मखमलभाऊंनी तो लागू दिला नव्हता. केस कापून झाले की ते हातआरसा मुद्दाम खाली धरायचे, "मान कशी निघालीय बघा, लोण्यासारखी," म्हणायचे आणि हिरोची नजर वर सरकायच्या आत आरसा खणात टाकायचे. पहिल्यांदा सांगायची वेळ टळली ती टळलीच. नंतर कुठल्या तोंडानं सांगणार?

शनिवारी हिरो आला तेव्हा टॅबलेट टॉवेलखाली झाकलेला होता. केस कापून झाले. मखमलभाऊंनी हातआरसा घेतला.

"अरे, तो आरसा ठेव," हिरो म्हणाला. "तुझा फोटो म्हणे फार फेमस झालाय. काढ माझा."

"चार्जिंग नाही, साहेब."

"वायर तर लावलेली दिसतेय."

"वायर लावलीय, पण तिचा काही भरवसा नाही."

"काढ रे, लाजतोस काय!"

नाइलाजानं मखमलभाऊंनी टॅबलेट उचलला आणि कॅमेऱ्यावर अर्धा अंगठा ठेवून फोटो काढला. त्यात एक कान आणि पुष्कळसा अंगठा आला. मग मानेचा काढला, नुसत्या मानेचा. हिरोचं समाधान होईना. बाकड्यावर तोच ड्रायव्हर बसला होता. हिरोनं टॅबलेट सरळ त्याच्या हातात दिला. "तू काढ. याचा अंगठाच मधे येतोय आज."

ड्रायव्हर उंचापुरा. त्यानं वरून नेम धरला आणि बटण दाबलं. टॅबलेटनं नेहमीप्रमाणे गोल चक्र फिरवायला घेतलं. चक्र फिरतंय, हिरो कोंबडा सारखा करतोय, ड्रायव्हर वाट बघतोय आणि मखमलभाऊ मनातल्या मनात त्या दुकानदाराच्या निवांतपणाला दुवा देतायत. हा असाच फिरत राहो. पण ऐन वेळी तो थांबला.

हिरोनं फोटो बघितला. "हे कुणाचं डोकं आलं?"

"मागच्या गिऱ्हाइकाचं असेल," मखमलभाऊ घाईघाईनं म्हणाले. "स्वस्तातला आहे ना, कधी कधी जुनंच दाखवतो."

"छे हो," ड्रायव्हर म्हणाला. बिचारा सरळ माणूस. "तुमचंच आहे. कपड्यावर आलेली कॉलर बघा ना, हीच चौकडी."

हिरोनं कॉलरकडे बघितलं. मग फोटोकडे. मग हात हळूच मागे नेला, टाळूवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"मखमल," तो शेवटी म्हणाला, "इतकी वर्षं माझे केस कापलेस, आणि शेवटी केसानं गळा कापलास!"

एवढं बोलून तो तडक चालू लागला. गळ्याभोवतीचा पांढरा कपडा तसाच. भर रस्त्यातून, झूल पांघरल्यासारखा, टाळूवर हात ठेवून तो गेला आणि समोरच्या सलूनच्या काचेतून तिथल्या सगळ्यांनी त्याला वळणापर्यंत बघितलं.

मखमलभाऊंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टक्कल काय तुम्ही केलंत? तुम्ही तर झाकत होतात."

"तेच तर चुकलं."

दोन दिवसांनी दुकानात हिरोची बायको आली. हातात तोच पांढरा कपडा, धुऊन, इस्त्री करून. मखमलभाऊ खुर्चीमागे सरकले. पण वहिनींच्या तोंडाला पदर होता आणि पदराआड हसू.

"भाऊ, घरी कोर्ट भरलंय," त्या म्हणाल्या. "मला विचारलं, तुला माहीत होतं? म्हटलं, हो. मग जावयाला फोन, ऑफिसच्या शिपायाला फोन, वरच्या मजल्यावरच्या आजींना विचारून आले. सगळे हो म्हणतायत. आता टोपी घालून बसलेत. कामावर जात नाहीत, टोपी काढत नाहीत. तुम्ही या बाई, ते यंत्र घेऊन."

"यंत्र? ते पाहिलं तर माझ्या डोक्यात घालतील!"

"घालू देत. तुमचे तरी केस दाट आहेत."

सुट्टीच्या दिवशी मखमलभाऊ टॅबलेट आणि कात्रीची पिशवी घेऊन गेले. हिरो खिडकीशी बसला होता, लोकरी टोपी कानापर्यंत ओढून. मखमलभाऊंनी पिशवी दाराशीच ठेवली. मग हिरोनं खिडकीबाहेर बघतच विचारलं, "तू आरसा खाली धरायचास?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"हात नाही भरून यायचा?"

"यायचा की. तुम्ही तर मान निरखत बसायचात."

हिरोला हसू आवरेना. टोपी हलायला लागली. वहिनींनी चहा आणला तो तिघांनी मिळून प्यायला, आणि मग टॅबलेट मांडीवर घेऊन तिघं टक्कल असलेल्या माणसांचे फोटो बघत बसले. प्रत्येक फोटो यायला वेळ लागायचा. चक्र फिरत असताना हिरो अंदाज बांधायचा, "आता येणारा तरी बरा असू दे." कुणाला दाढी होती, कुणी गुळगुळीत केलेलं, कुणी एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत चार केसांचा पूल बांधलेला. पूलवाल्याला वहिनींनी जागच्या जागी नापास केलं. शेवटी एका जाड भिवयांच्या माणसावर मत पडलं. सगळीकडून बारीक, एकसारखे केस.

"कोंबडा जाईल," मखमलभाऊंनी आधीच बजावलं.

"जाऊ दे. त्याला धरून ठेवता ठेवता वाऱ्यात कधी सुखानं चाललो नाही मी."

गच्चीत स्टूल टाकून केस कापले. मखमलभाऊंनी टॅबलेट वर धरला, अंगठा दूर ठेवला आणि नीट फोटो काढला. हिरोनं तो वहिनींना दाखवला, वहिनींनी वरच्या आजींना. आजी म्हणाल्या, "आता कसा विश्वासाचा माणूस वाटतोय. आधी विमा घ्यायची भीतीच वाटायची."

मखमलभाऊ हलक्या मनानं घरी आले. आरशासमोरून जाताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आपले स्वतःचे केस बाजारातला दुसरा एक सलूनवाला कापतो, आपण त्याचे कापतो, जुनी देवघेव. तो आरसा कुठे धरतो?

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "माझं मागून काय आहे?"

"जेवायला बसा," ती म्हणाली.

ते बसले नाहीत. टॅबलेट डोक्यामागे धरून त्यांनी स्वतःच फोटो काढला. आधी पंखा आला, मग खांदा, मग एकदाचं डोकं. केस शाबूत होते. पण मानेवरची रेघ डावीकडे उतरत उतरत पार कॉलरमध्ये बुडाली होती, वाकडी, चढावरच्या पायवाटेसारखी.

"हा माणूस माझी डावी बाजू वाकडी कापतोय!" मखमलभाऊ ओरडले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. त्याला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं ना. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

पुढच्या खेपेला ते त्याच्याकडेच गेले. मान खाली घालून बसले. कापून झाल्यावर त्यानं मागे हातआरसा धरला, जरासा उजवीकडेच कलता, आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"झकास," मखमलभाऊ म्हणाले.