रेषेवर ओढून आणलेले ठिपके

गणित शिकवणाऱ्या दोस्तांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमची शाळा गोव्यात, डिचोलीच्या खाणपट्ट्यात. नववीला समीकरणाची सरळ रेषा शिकवताना म्हटलं, पुस्तकातले आकडे पुरे झाले. आठवडाभर शाळेला येताना वाटेत खनिजाचे किती ट्रक लागले आणि बसला किती मिनिटं लागली, ते लिहून आणा. त्याचाच आलेख काढू.

आज नेमके तपासणीला साहेब आले. एका मुलीचे सगळे ठिपके रेषेवर, दोरी धरून लावल्यासारखे. साहेब खूश. "वा! हा फलकावर लावा." तिच्या मैत्रिणीचे ठिपके विखुरलेले. "हे काय? पुन्हा काढून आण."

मी सांगायला गेले, की खऱ्या आकड्यांचे ठिपके असेच पडतात, रेषा त्यांच्यामधून काढायची असते. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "बाई, परीक्षेत असं चालतं का?"

ते गेल्यावर मी त्या पहिल्या मुलीला विचारलं. ती अगदी सहज बोलली, "टीचर, खरे ठिपके रेषेवर बसत नाय होते, म्हणान मीच हलवले. गेल्या वर्षी ठिपका बाहेर गेला तेव्हा तुम्हीच मार्क कापलेले ना?"

कापले होते. वर्षानुवर्षं कापत आलेय.

खोटा आलेख आता फलकावर आहे. आणि खरं लिहून आणणारी पोरगी या घडीला घरी बसून आपले ठिपके खोडत असेल. उद्या त्या दोघींसमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू, सांगा.