बिनकाट्याची वाट

विट्याहून औंधाकडं जाणाऱ्या सडकेला लागून एक वाडी आहे. नाव नको, वाडीतली माणसं भांडायला येतील. ह्या वाडीच्या बौद्ध वस्तीत धोंडिराम नावाचा पलटणीतनं घरी आलेला शिपाई राहायचा. आणि रोज सकाळी तो काय करायचा, तर काटे वेचायचा! होय, काटे. वस्तीपासून सडकेवरच्या एस्टी थांब्यापर्यंत मैलभर पायवाट. एका हातात आकडी, दुसऱ्यात फुटकं घमेलं, आणि बाभळीचा एकेक काटा उचलत गडी वाकून चाललाय.

त्याची बायको अंबूबाई ह्या प्रकारानं पार वैतागली होती. नवरा लढाईवरनं आला तेव्हा तिला वाटलं होतं, आता चार माणसांत मान मिळेल. मान कसला? पारावरची पोरंटोरंसुद्धा दात काढायची.

"लोकं हसत्यात आवं," ती म्हणायची. "बंदूक धरलेला हात, आन् काटं येचतोय."

"हसू देत की. हसून कुणाच्या पायात काटा तर मोडत न्हाई?" धोंडिराम म्हणायचा आणि चालू लागायचा.

बासष्टच्या लढाईत बर्फानं त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली होती. बाकीची राहिली ती एका पंजाबी शिपायामुळं. त्यानं स्वतःच्या पायातले लोकरी मोजे ओढून काढले आणि ह्याच्या पायात चढवले. त्या माणसाचं नाव विचारायचंसुद्धा राहून गेलं. तेव्हापासून धोंडिरामला दुसऱ्याच्या पायांची काळजी लागली ती लागलीच. वाडीत दहातल्या नऊ जणांच्या पायात वहाण नव्हती.

ही पायवाट नानासोंच्या उसाच्या बांधावरनं जायची. नानासो म्हणजे वाडीतले बडे बागायतदार. त्यांची म्हातारी आई धोंडुबाई, सगळे तिला थोरल्या बाई म्हणायचे. लेक विषमज्वरातनं उठला म्हणून तिनं औंधच्या यमाईला जन्मभर अनवाणी राहायचा नवस केलेला. दर शुक्रवारी बांधावरनं सडकेकडच्या देवीच्या ठाण्याला जायची आणि येताना भेटेल त्याला थांबवून सांगायची, "चार वर्सं झाली, पायाला एक काटा न्हाई. माजी यमाई वाट झाडून ठेवती बघा!"

धोंडिराम हे ऐकायचा आणि मान डोलवायचा. अंबूबाईच्या मात्र डोक्यात तिडीक जायची. छप्पन साली बौद्ध होताना त्यांनी घरातले देव नदीला सोडले होते, आणि नवऱ्याच्या कष्टाचं पुण्य चाललं होतं यमाईच्या नावावर!

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या शेळ्या उसात शिरल्या. नानासोंनी रागाच्या भरात बांधाच्या वस्तीकडच्या तोंडाला बाभळीच्या शिऱ्या, म्हणजे काटेरी फांद्या, टाकल्या आणि वाट बंद केली. आता थांब्याला जायचं तर ओढ्यानं दोन कोसांचा फेरा. त्यातच धोंडिरामची लेक अंजना सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार होती. वस्तीतनं इथवर पोचलेली ती पहिलीच पोरगी. परीक्षा विट्याला, एस्टी सकाळी सहाला, आणि ओढ्याकाठी अंधारात लांडग्यांचा वावर. अंबूबाईनं सांगून टाकलं, "वाट उघडली तर परीक्षा. न्हाईतर पोरगी घरी बसंल."

धोंडिराम दोनदा नानासोंना भेटून आला. दोनदा 'बघू' ऐकून आला. आणि ह्या माणसानं करावं काय? शिऱ्यांचे वाळके काटे वाऱ्यानं बांधावर पसरायचे, तर हा लंगडत दोन कोस फेरा मारून पलीकडनं बांधावर चढायचा आणि तेही वेचायचा!

"ज्यानं आपली वाट अडवली त्याच्याच बांधावरचं?" अंबूबाई कडाडली.

"त्या वाटंनं म्हातारी अनवाणी जाती," एवढंच तो म्हणाला.

परीक्षेला तीन दिवस उरले आणि धोंडिराम तापानं फणफणला. शुक्रवारी सकाळी गोधडीतनं पुटपुटायला लागला, "आज थोरल्या बाई येतील... काटं..." अंबूबाईनं कपाळावर हात मारला, नवऱ्याला, अंजनाला, नानासोंना, सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, आकडी आणि घमेलं उचललं आणि निघाली.

ओढ्यानं फेरा मारून पोचायला उशीरच झाला. धोंडुबाई बांधावर पाय धरून बसली होती. टाचेत बोटभर काटा, आणि डोळ्यांत पाणी. काट्यापेक्षा दुःख वेगळंच होतं.

"यमाई रुसली गं माज्यावर," म्हातारी म्हणाली. "काय चुकलं माजं?"

अंबूबाई खाली बसली, काटा काढायला हात पुढं केला. म्हातारीनं पाय मागं ओढला. शिवाशिवीची जुनी सवय, दुसरं काय! पण अंबूबाईचा चार वर्षांचा राग एकदम उसळून आला.

"थोरल्या बाई, यमाई न्हाई रुसली. आमचं मालक आजारी हायती!" तिनं घमेलं पुढं आपटलं. "चार वर्सं तुमची ही वाट त्येनी झाडली. तीन बोटं नसल्याला पाय घिऊन. आन् हा काटा कुटला म्हायतीय? तुमच्या लेकानं आमची वाट अडवली, त्या शिरीचा!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. ज्या कामाची इतकी वर्षं लाज वाटली, ते सांगताना आज तिची मान ताठ होती.

म्हातारीनं ते फुटकं घमेलं जवळ ओढून बघितलं. मग तिनं आपला पाय हळूच पुढं केला आणि अंबूबाईच्या मांडीवर ठेवला. "काढ," म्हणाली.

त्या दुपारी म्हातारी शिऱ्यांपाशी जाऊन बसली ती उठेचना. जेवायला बोलावलं, गेली नाही. अखेर नानासो आले आणि त्यांनी आईसमोर चारचौघांत स्वतःच्या हातानं एकेक शिरी ओढून काढली.

सोमवारी फटफटायच्या आधी अंजना परीक्षेला निघाली. पुढं कंदील आणि आकडी घेऊन अंबूबाई, मागं घोंगडी पांघरून धोंडिराम. नको म्हटलं तरी आलाच. बांधाच्या तोंडाशी धोंडुबाई उभी. पायाला फडकं बांधलेलं, शेजारी काट्यांचा ढीग.

"जा गं पोरी, बिनघोर जा," ती म्हणाली. "म्या सोता येचल्यात. एक बी ऱ्हायला न्हाई."

अंजना तिच्या पाया पडून पुढं गेली. चार पावलांवर धोंडिराम थबकला, वहाणेचा अंगठा नीट करतोय असं दाखवत वाकला, आणि म्हातारीच्या नजरेतनं सुटलेला एक काटा उचलून गुपचूप खिशात टाकला. धोंडुबाईला काही कळलं नाही. अंबूबाईनं मात्र कंदिलाच्या उजेडात ते बघितलं, आणि असला नवरा आपला आहे म्हणून तिचा ऊर भरून आला.