तपासबाईची दुसरी बाटली

माझ्या सुनेला हॉस्पिटलात कुणी नावाने ओळखत नाही. तपासबाई म्हटलं, की दारावरचा पहारेकरीसुद्धा हात करून दाखवतो, ती काय, गाडीखाली वाकलीय. ती तिथली बॅटरीवरची गाडी चालवते. पुढे दोन माणसांची सीट, मागे लोखंडी हौदा. वॉर्डांतल्या मळक्या चादरींची गाठोडी धुलाईखान्यात न्यायची आणि धुतलेल्या घड्या परत वॉर्डात पोचवायच्या. दिवसाला बारा-चौदा खेपा होतात. या गाडीला ना धूर ना आवाज, पाठीमागे येऊन उभी राहिली तरी माणसाला पत्ता लागत नाही. मागे घेताना ती आपली आपण पीं-पीं करते, पण सून वर तोंडानेही ओरडते, "बाजूला, बाजूला!" गाडीच्या पीं-पींवर तिचा भरवसा नाही.

भरवसा तिचा कशावरच नाही. लग्न होऊन आली, त्या आठवड्यातच तिने माझ्या शेगडीची गॅसची नळी बदलायला लावली. दूधवाल्याचं माप, दुकानदाराचा काटा, डॉक्टरची गोळी, सगळं उलटून पालटून बघणार. माझा मुलगा म्हणतो, "आई, हिने मला पसंत केलं तेच नवल."

मी म्हणते, "तुझेही दात मोजले असतील. तुला कळलं नसेल इतकंच."

त्या धुलाईखान्यात मी तीस वर्षं घड्या घातल्या. मी थकले तेव्हा माझ्या जागी ती लागली. तेव्हा गाडी नव्हती, ओली गाठोडी बायकाच खांद्यावरून वाहायच्या. सहाव्या वर्षी तिच्या उजव्या खांद्याची शीर फाटली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आता घरी बसायची वेळ आली, असं आम्ही धरून चाललो होतो, आणि नेमकी तेव्हाच ही गाडी आली. तीन दिवसांचं शिकवणं झालं, परीक्षा झाली, आणि तिच्या गळ्यात कार्ड आलं. ते कार्ड आहे तोवर नोकरी आहे. कार्ड गेलं तर तिथे उरतात ती सगळी उचलण्याची कामं, आणि खांदा तर कामातून गेलेला. हे तिला माहीत, मला माहीत, मुकादमालाही माहीत.

म्हणून गाडीची तपासणी ती डोळ्यांत तेल घालून करायची. सकाळी आधी गाडीभोवती एक फेरी. चाकांत हवा आहे का, खाली काही गळलंय का, दिवा, हॉर्न, मग जागच्या जागी हँडब्रेक ओढून गाडी ढकलून बघायची. उतारावर सरळ उतरायचं, आडवं वळायचं नाही. उतरलं की किल्ली खिशात. मागे कुणी लटकून यायला बघितलं, तर ती गाडीच थांबवायची. "चालत या, पायांना काय झालंय?" एकदा खुद्द मुकादमाला तिने असं उतरवलं होतं. त्याने ते गिळलं, पण पचवलं नाही.

गाडी संध्याकाळी चार्जिंगच्या खोलीत जायची. तिथे एक म्हातारा माणूस असतो, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला पाणक्या म्हणतात. साधं पाणी नाही, शुद्ध केलेलं, विकत मिळणारं. त्या बॅटरीची घरं असतात, प्रत्येक घराला बूच, आत शिशाच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या पाण्यात बुडलेल्या असाव्या लागतात. बुचं उघडायची ती फक्त पाणक्याने, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा तिथला नियम.

पाणक्यावर सुनेचा पहिल्या दिवसापासून डोळा. "आई, तो माणूस दिवसभर स्टुलावर बसलेला असतो. पाणी घालताना मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही."

"तू असतेस का तिथे सकाळी सहाला?" मी विचारलं.

"मी नसते म्हणून तर संशय येतो."

इकडे घरात मला तिचाच संशय येऊ लागला होता. चार महिने झाले, कामावर जाताना ती पिशवीत दोन बाटल्या न्यायची. एक पिण्याच्या पाण्याची. दुसरी कापडात गुंडाळलेली. संध्याकाळी दुसरी रिकामी होऊन यायची. विचारलं तर म्हणायची, "पाणीच आहे." मग गुंडाळायचं कशाला? एकदा ती आंघोळीला गेली तेव्हा मी बूच काढून वास घेतला. काही नाही. जिभेवर थेंब टेकवला. पाणीच, पण पाण्यालाही काही चव असते, याला तीही नव्हती. मुलाला म्हटलं, "तुझी बायको बेचव पाणी घेऊन कुठे जाते?" तो म्हणाला, "तुम्ही दोघी एकमेकींना शोभता."

आणि मग ते झालं. वॉर्डाच्या मागच्या दाराशी जरासा उतार आहे. तिथे हौदा भरून गाडी उभी होती. सून आत सही घ्यायला गेली, आणि गाडी आपली आपण निघाली. वीस पावलं खाली जाऊन बाकावर आदळली. त्या बाकावरून एक आजोबा नुकतेच उठून गोळ्यांच्या खिडकीशी गेले होते. बाकाचे दोन पाय मोडले. आजोबांचे शाबूत राहिले ते त्यांचं नशीब.

दोघं-तिघं धावले, एकाने गाडीत चढून सगळे दांडे ओढले. त्यामुळे हँडब्रेक आधी ओढलेला होता की नव्हता, हे सांगायला कुणी उरलं नाही. मेकॅनिकने गाडी रिकामी करून सपाट अंगणात उभी केली, ब्रेक ओढला, ढकलून बघितली. हलली नाही. "ब्रेक ठणठणीत आहे," तो म्हणाला. म्हणजे बाईच विसरली.

मुकादमाला आयतंच सापडलं. "काय तपासबाई, चाकांची हवा बघता बघता ब्रेक राहिला वाटतं!" सुरक्षेच्या मॅडमनी कार्ड काढून घेतलं आणि तीन दिवसांनी चौकशी ठेवली.

घरी आल्यावर सून पाटावर बसली. मग एकदम म्हणाली, "मी ब्रेक ओढला होता. हाताला आठवतंय. कुणीतरी सोडला."

"कुणी?"

"पाणक्याने. मी त्याच्यावर नजर ठेवते हे त्याला कळलंय. तेव्हा तो तिकडेच होता."

"पाहिलंस?"

"पाहिलं नाही. पण चौकशीत सांगणार आहे, की पाहिलं."

हे उघड खोटं होतं. घराला तिचा पगार हवा होता, हेही खरं. हाताला चाळा हवा म्हणून तिचा युनिफॉर्म घेऊन बसले, बाहीची शिवण उसवली होती. बघते तर बाहीला आणि पोटापाशी बारीक बारीक भोकं.

"हे काय गं?"

"तुमच्या त्या दुकानदाराची साबणाची पावडर. भेसळ असणार."

तीस वर्षं कापड बघितलंय मी. उंदराने कुरतडलं तर कडा फाटलेल्या दिसतात. ब्लीच लागलं तर आधी रंग उडतो. हे कापड बोट लावताच पिठासारखं झडत होतं. असं मी एकदाच पाहिलं होतं, बॅटरीच्या खोलीतल्या एका माणसाच्या एप्रनवर.

"हे ॲसिड आहे," मी म्हटलं. "तू बॅटरीशी काय करतेस? आणि ती दुसरी बाटली कसली?"

काखेत कळसा म्हणतात तो हाच. तिने एका भोकात बोट घालून बघितलं, मग सगळं बाहेर आलं. एका संध्याकाळी तिने पाणक्याच्या नकळत बूच उघडून टॉर्चने बघितलं होतं. पाणी खाली गेलेलं दिसलं. झालं, माणूस कामचुकार ठरला. तेव्हापासून रोज संध्याकाळी, तो हात धुवायला गेला की ही आपल्या बाटलीतल्या विकतच्या शुद्ध पाण्याने प्रत्येक घर काठोकाठ भरायची, बूच लावायची आणि गाडी चार्जिंगला जोडून घरी यायची.

"काठोकाठ?"

"मग काय अर्धवट भरू?"

मला बॅटरीतलं ओ की ठो कळत नाही. पण भांडं काठोकाठ भरून दूध शेगडीवर ठेवलं तर काय होतं, ते मला कळतं. "ते चार्ज होताना तापतं का गं?" मी विचारलं. "बुडबुडे येतात का?"

तिने मान डोलावली. "आणि त्या पाण्यात ॲसिड असतं," ती म्हणाली.

चौकशीच्या सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. गुडघ्याच्या गोळ्या आणायच्याच होत्या. चौकशी गाडीपाशीच होणार होती. आम्ही लवकर पोचलो. पाणक्या स्टुलावर बसला होता. सून म्हणाली, "भाऊ, सीट उचलून बघू द्याल?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू मांजरानेच दुधाची राखण मागितली. पण किल्ली दिली आणि मॅडमना आणायला गेला.

बॅटरीला धातू टेकला तर ठिणगी उडते, म्हणून सुनेने अंगठी काढून माझ्या हातात दिली, चष्मा आणि रबरी हातमोजे घातले, मग सीट उचलली. वरून सगळं पुसलेलं, स्वच्छ. मग तिने बॅटरीखालच्या पत्र्याच्या फटीतून टॉर्च मारला. खाली पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली धरलेली. पत्रा खाल्लेला. त्या पत्र्याखालून हँडब्रेकची तार जाते. तिचे बरेचसे धागे झडून गेले होते, सात-आठ उरले होते. रिकामी गाडी सपाटीवर धरायला तेवढे पुरे. रोज सकाळी ती रिकामी गाडीच तपासायची. भरलेल्या हौद्याला, उतारावर, ते कुठून पुरणार?

"ब्रेक मी ओढला होता," ती म्हणाली.

"दिसतंय."

मग ती हळूच म्हणाली, "आई, पाणी घालायचं काम त्याचं आहे. रोजच्या कागदावर सही त्याची. बाटलीचं कुणाला माहीत नाही."

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. मी काही कुणी साध्वी नाही. तार दाखवली की तिचं कार्ड परत, आणि उरलेलं पाणक्याच्या माथी. मी अंगठी मुठीत धरून उभी राहिले.

मॅडम आल्या, मागून मुकादम. मॅडमनी वाकून तार बघितली, खपली बघितली, आणि पाणक्याकडे वळल्या. "पाणी तुम्हीच घालता?"

"हो."

"कधी?"

"सकाळी, चार्ज पूर्ण झाल्यावर. आधी घातलं तर उतू जातं. पण मॅडम," त्याने घाम पुसला, "चार महिने झाले, मला घालावंच लागत नाही. सकाळी घरं भरलेलीच असतात. वर ओल असते, ती मी पुसतो. मला वाटलं बॅटरीवाल्याने खराब माल दिला."

"आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कोण ऐकणार? म्हणतील, म्हाताऱ्याला काम नको."

"चार महिने ॲसिड सांडतंय आणि तुम्ही फडक्याने पुसताय," मॅडम म्हणाल्या. "एक माणूस मेला असता. तुम्हाला या खोलीत ठेवायचं की नाही, हाच आता प्रश्न आहे."

पाणक्या नुसता स्टुलाला धरून उभा राहिला. मुकादम सुनेकडे बघून चक्क हसला. "सुटलात, तपासबाई!"

ते हसणंच तिला लागलं असावं. तिने चष्मा काढला. "मी सुटले नाही," ती म्हणाली. "पाणी मी घालत होते. संध्याकाळी, चार्जिंगच्या आधी, काठोकाठ. यांना न सांगता. हे घालत नाहीत असा माझा संशय होता."

मॅडमनी विचारलं, "बुचं उघडायची नाहीत, हा नियम माहीत होता?"

"होता. नियमावरही माझा भरवसा नव्हता."

मॅडमना हसू आलं की राग, ते त्यांनाच ठाऊक. निकाल दुपारी लागला. पाणक्याला लेखी ताकीद. मेकॅनिकला हुकूम, की ब्रेकची परीक्षा यापुढे भरल्या हौद्याने, उतारावर. सुनेचं कार्ड दोन महिने जमा, आणि ते दोन महिने तिने चार्जिंगच्या खोलीत पाणक्याच्या हाताखाली काढायचे. मग पुन्हा परीक्षा, पास झाली तर कार्ड. पगार त्या काळात कमी. पण नोकरी राहिली. अंगठी परत द्यायची माझ्या लक्षातच राहिली नाही, घरी आल्यावर तिनेच मागून घेतली आणि उजेडात धरून बघितली, तीच आहे ना.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी सहाला जायला लागली. संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणाला पाणक्या?"

"आधी एक शब्द नाही. चष्मा दिला, मोजे दिले. खोलीच्या खिडक्या उघडायला लावल्या, चार्ज होताना वायू सुटतो म्हणून. मग म्हणाला, आधी चार्ज, मग पाणी, आतल्या खुणेपर्यंत, वर थेंब नाही. आणि त्याने घातलं. मी टॉर्च मारून बघितलं."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, माझ्यावर विश्वास नाही ना? मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, बरं आहे, रोज बघत जा. मला वर्षभर ती खूण नीट दिसत नाही, अंदाजाने घालतो. कुणाला सांगितलं नाही, काढून टाकतील."

मी हातातलं काम ठेवलं. म्हाताऱ्याने आपली नोकरी तिच्या ओंजळीत ठेवली होती, आणि तीही आदल्याच दिवशी तिने वाचवलेली.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. खूण मी बघते म्हटलं, तुम्ही ओता." मग माझ्याजवळ सरकून आवाज उतरवून म्हणाली, "आई, डोळ्यांचं खरं असेल ना हो? की मला कामाला लावतोय?"